धनाजीचं पोट

कासार आंबोलीच्या फाट्याच्या थोडं अलीकडं धनाजी कोकरेनं डांबरी सोडली आणि तो घाणेरीच्या जाळीत घुसला. मागून मोटारसायकलवर रांगत येणाऱ्या ऋषिकेश साहेबानं गाडी उभी केली, गळ्यातलं घड्याळ दाबलं आणि तोंड फिरवून तो समोरचा डोंगर बघू लागला. डोंगरात बघण्यासारखं काही नव्हतं. पण अशा वेळी सभ्य माणसाला डोंगर बघण्यावाचून इलाज नसतो.

"झालं का, धनाजीभाऊ?"

जाळी हलली, बोलली नाही.

"पाणी देऊ का?"

"सायेब, तुमी व्हा फुडं."

"मी पुढं जाऊन काय करू? पळायचं तुम्हाला आहे."

पौड रस्त्यावरून एक टेम्पो गेला. टेम्पोवाल्यानं ओळखीचा हॉर्न दिला, उभी मोटारसायकल आणि हलणारी जाळी बघून. त्या पट्ट्यातल्या सगळ्या टेम्पोवाल्यांना ती जाळी धनाजीच्या नावानं ठाऊक होती.

ऋषिकेश मूळचा अकोल्याचा. पिरंगुटच्या पुढं रबराचे पट्टे बनवणारी कंपनी आहे, तिथं कामगारांच्या रजा आणि हजेऱ्या बघायला तो आला, आणि आल्या आल्या कंपनीचं धावण्याचं पथक त्याच्या गळ्यात पडलं. पळण्यातलं त्याला काही कळत नव्हतं. शाळेत असताना तो स्वतः फक्त मास्तरांच्या पुढं पळाला होता. पण माणूस मनानं बरा होता, आणि बऱ्या मनाच्या माणसाला वाईट निरोप सांगायला नेहमी अवघड जागाच सापडते. त्यानं जाळीकडं पाठ करून निरोप सांगितला.

"वरून फर्मान आलंय, भाऊ. डिसेंबरच्या शर्यतीत कामगार गटात पहिल्या दहांत आलात तर पथकात राहाल. शर्यत पुरी केली आणि मागं पडलात, तर नाव कमी. सोमवारपासून लोडिंगला, रात्रपाळी."

"आन आजारी पडलो तर?"

"वाटेत आजारी पडलात तर नियम तोच. एक वर्ष सवलत. तो अजून कुणी काढलेला नाही."

जाळीतून धनाजी बाहेर आला, चेहरा उतरलेला, गुडघ्याला कुसळं. बेचाळीस किलोमीटरच्या शर्यतीतला तिसावा किलोमीटर आला की त्याचं पोट ढवळून यायचं, आणि गेली कैक वर्षं त्याच्या नावापुढं 'वाटेत पोट बिघडले' एवढं एकच वाक्य लिहिलं जात होतं. त्या वाक्यावर पथकातली त्याची जागा टिकली होती. पथकात असलं की अर्धा दिवस काम आणि अर्धा दिवस सराव. लोडिंगला गेलं की रात्रभर पट्ट्याची माणसाएवढी गुंडाळी खांद्यावर घेऊन ट्रक भरायचे. धनाजी चाळिशीला टेकला होता.

"पण यंदा सवलत नको मागू या," ऋषिकेश म्हणाला. "यंदा पोटच दुरुस्त करू."

आता ह्या पोटाविषयी थोडं सांगितलं पाहिजे, कारण मुळशी खोऱ्यात धरणाखालोखाल नाव त्याचंच.

माले गावाच्या वरच्या अंगाला धनगरवाडा आहे. धनाजी तिथला. शेळ्या, चार मेंढरं आणि एक म्हैस. लहानपणी दुधाची किटली घेऊन तो डोंगर उतरायचा तो दूधगाडी सुटायच्या आत रस्त्यावर पोचायला, आणि गाडीचा ड्रायव्हर असा खवीस की पोरगं दिसलं की मुद्दाम गाडी सोडायचा. धनाजी गाडी गाठायचा. एकदा तर त्यानं गाडी पौडला गाठली, आणि किटलीत बघतात तो पळून पळून वर लोण्याचा गोळा आलेला. असं बाजी सांगतो. बाजीचं मालेच्या स्टँडवर हॉटेल आहे आणि त्याच्या चहापेक्षा त्याच्या गोष्टींत साखर जास्त असते.

बाजीची खास गोष्ट साताऱ्याकडच्या शर्यतीची. त्या शर्यतीत धनाजी इतका पुढं निघून गेला की शेवटच्या रेषेवर फीत धरणारी माणसं अजून घरून निघाली नव्हती. तेवढ्यात पोटानं हाक मारली. धनाजी बाजूच्या उसात शिरला. तो बाहेर आला तेव्हा ऊस तुटून कारखान्याला गेला होता, बक्षिसं वाटून झाली होती आणि मांडववाला बांबू उपटत होता. कुणी शंका काढली तर बाजी ऊसतोड टोळीच्या मुकादमाचं नावसुद्धा सांगायचा.

आणि प्रत्येक गोष्ट एकाच ठिकाणी येऊन थांबायची. "पोटानं घात केला गड्याचा, न्हाईतर..." त्या 'न्हाईतर'च्या पुढं बाजी बोलायचा नाही. सगळे थोडा वेळ चहाच्या ग्लासात बघायचे. धनाजी तिथं असला तर तोही बघायचा. लोक त्याला चहाचे पैसे देऊ द्यायचे नाहीत.

लवळ्याच्या टेकडीवर तेव्हा कॉलेजांवर कॉलेजं उठत होती. तिथं आहारशास्त्र शिकणारी मृण्मयी नावाची एक मुलगी लांब पळणाऱ्यांच्या पोटांचा अभ्यास करते आहे, अशी बातमी ऋषिकेशनं काढली. दोघं मोटारसायकलवरून गेले. धनाजीनं कंपनीचा निळा कोट घातला होता. पोट दाखवायला जाताना काय घालतात हे त्याला ठाऊक नव्हतं.

मृण्मयी पुण्याची, वयानं लहान, चष्म्याची. तिनं समोर बसवून विचारायला सुरुवात केली.

"रोज किती वेळा जाता?"

धनाजीनं ऋषिकेशकडं बघितलं. ऋषिकेशनं डोंगर शोधला. खोलीला खिडकी नव्हती, म्हणून तो भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला.

"काका, लाजू नका. मी दिवसभर हेच विचारते. पातळ की घट्ट?"

"पळायच्या दिशी पातळ."

"रंग?"

धनाजीला वाटलं, ह्यापेक्षा लोडिंग परवडलं. पण तो सांगत गेला. त्याच्या बायकोनं, नंदानंही त्याला एवढं कधी विचारलं नव्हतं. त्याच्या पोटाची गोष्ट सांगणारे गावात पुष्कळ होते, पोट विचारणारं माणूस पहिल्यांदा भेटलं होतं.

"असं होतं बघा," मृण्मयी म्हणाली. "खूप लांब पळताना रक्त पायांकडं धावतं. आतड्याच्या वाट्याला कमी येतं, मग ते कुरकुरतं. आतड्यात कोट्यवधी जिवाणू राहतात. त्यातले काही आपल्या बाजूचे असतात. त्यांची संख्या वाढवली तर काही खेळाडूंना फरक पडलाय. सगळ्यांना नाही. मी छातीठोक सांगणार नाही."

"म्हंजे औषध हाय का न्हाई?"

"औषध नाही. ह्या पुड्यांमध्ये जिवंत जिवाणू आहेत. प्रोबायोटिक. रोज सकाळी एक पुडी, साध्या पाण्यातून. गरम कशातही टाकायची नाही, मरतात. फ्रीजमध्ये ठेवायच्या. आणि बाकी खाण्यात काही म्हणजे काही बदलायचं नाही, नाहीतर कशानं फरक पडला ते मला कळणार नाही."

"आमच्यात दही असतंय रोज."

"रोज असतं तेवढंच असू दे."

पुड्यांचा डबा घेऊन धनाजी उतरला. टेकडी उतरताना त्यानं डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. मागं बसलेल्या माणसानं काही धरलं नाही की ऋषिकेशची गाडी डुगडुगते, पण तो काही बोलला नाही.

धनगरवाड्यात फ्रीज कुणाकडं असणार? मालेत एकच, बाजीच्या हॉटेलातला, थंड बाटल्यांचा. बाजीनं वरचा कप्पा रिकामा करून दिला आणि दुसऱ्या दिवसापासून चहा प्यायला येणाऱ्याला तो काचेतून दाखवू लागला.

"ह्ये धनाजीचं जंतू. हात लावायचा न्हाई."

"दिसत्यात का?"

"दिसत न्हाईत. पण दुपारचं सामसूम असलं की कान लावायचा. आत पळत्यात."

रोज डोंगर उतरून धनाजी यायचा, बाजीकडून पुडी घ्यायचा, चार माणसांदेखत पाण्यातून प्यायचा. चार माणसं त्याच्या पोटाकडं बघत बसायची. पण ते दोन हजार सातचं साल. भारनियमनानं असा कहर मांडला होता की फ्रीज म्हणजे नुसतं पांढरं कपाट. एक दिवस बाजीच्या बाटल्या चहापेक्षा कोमट निघाल्या. धनाजीनं डबा उचलला आणि घरी आणला.

घरी त्याची आई, तानूबाई. म्हातारी दिसायला मूठभर, पण वाड्यातल्या दह्यादुधाची मालकीण तीच. लग्न होऊन आली तेव्हा तिनं माहेरचं विरजण आणलं होतं. दह्यात भिजवून सावलीत वाळवलेली चिंधी पदराला बांधून, दोन डोंगर ओलांडून. सासरी पोचल्यावर चिंधी दुधात सोडली आणि तिथून ते दही उठलं ते आजवर मोडलं नव्हतं. वाड्यातल्या अर्ध्या घरांत तिचंच विरजण गेलेलं. दिवेलागण झाल्यावर मात्र साक्षात तहसीलदार आला तरी ती विरजण देत नसे.

तिनं डबा हातात घेऊन हलवला. "ह्यात काय हाय?"

"जित्तं जंतू हायती, आये. चांगलं. पोटाला."

"जित्तं?"

"व्हय. मॅडम म्हनल्या, जित्तं हायती, जपा."

"मग खात्यात काय?"

"काय न्हाई. निजल्यात."

"उपाशी निजवल्यात?"

धनाजी हसला आणि पाय धुवायला गेला. ही त्याची चूक झाली. ह्या घरात लग्नाला निघताना माणसांनी आधी शेळ्यांपुढं पाला टाकायचा आणि मग डोक्याला तेल लावायचं, अशी रीत. जिवंत काही कोंडून ठेवलंय आणि त्याच्यापुढं चाऱ्याची काडी नाही, हे तानूबाईच्या कानानं ऐकलं होतं. रात्रीची भाकरी तिनं अर्धी ठेवली.

दुसऱ्या दिवशी धनाजी कामावरून आला तर चुलीपाशी फाटलेल्या पुड्यांचा ढीग आणि नंदा तोंडाला पदर लावून बसलेली. हसते आहे की रडते आहे, ते कळेना.

"आवं, मी म्हनलं आत्याबाईंना, दवाखान्याची वस्तू हाय ती. तर म्हनत्या, जित्तं जनावर दवाखान्याचं नसतंय."

"आये, काय केलंस?"

"सोयरीक लावून दिली," तानूबाई म्हणाली. "माझं विरजण आन तुझं ते पावनं, येका मडक्यात. दूध नुसतं बोटाला सोसंल येवढं ऊन होतं, उकळतं न्हवतं. हितं त्यास्नी दूध हाय, ऊब हाय, मानसाचा वावर हाय. कागदात काय होतं?"

धनाजीनं डबा उलटा करून बघितला. सगळ्या पुड्या एका मडक्यात. पोराच्या पोटासाठी म्हातारीनं आपलं माहेर त्यात ओतलं होतं, हे त्याच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. तोवर ती मडक्यावरचं फडकं काढून बघत होती. दही लागलं होतं, पण रोजच्यासारखं नव्हतं. जरा तार धरत होतं. तानूबाईनं बोट बुडवून चाटलं. डोळे मिटले. पुन्हा चाटलं.

"कसं हाय?" नंदानं विचारलं.

"बरं हाय," म्हातारी म्हणाली. "वळख पटायला येळ लागंल." मग धनाजीला वाडग्यात घालून देताना हळूच म्हणाली, "बिघडलं काय, तर माझ्या माथी रं, धना."

धनाजीनं खाल्लं. पुढं रोजच खाल्लं. मृण्मयीचा फोन यायचा तो ऋषिकेशच्या मोबाइलवर, दुपारच्या सुट्टीत.

"काका, पुड्या चालू आहेत ना?"

"पोटात जात्यात, मॅडम."

ह्यात खोटं काही नव्हतं, आणि तरीही फोन परत देताना धनाजी तो दोनदा कोटाला पुसायचा.

आणि पोट गप झालं. एकदम नाही. आधी एक दिवस जाळीपाशी नुसतं घुटमळलं. मग एक दिवस धनाजी जाळीवरून तसाच पुढं गेला, आणि सवयीनं गाडी उभी करून डोंगर बघत बसलेला ऋषिकेश बराच वेळ तिथंच राहिला. त्या दिवशी टेम्पोवाल्यांनी जाळीपाशी हॉर्न दिला तो वाया गेला.

मालेत बातमी पसरली. बाजीनं 'न्हाईतर' म्हणायचं सोडून दिलं.

"आता कोन आडवतंय? पोट हुतं आडवं, ते सरळ झालं," तो सांगायचा. "शर्यतवाल्यांनी आत्ताच ठरवावं, दुसरा नंबर कुनाला द्यायचा." फ्लेक्सवर टाकायला धनाजीचा फोटोही त्यानं मागून घेतला, निळ्या कोटातला.

धनाजी मात्र दमल्यासारखा दिसू लागला. जाळीत जाणारा वेळ आता वाचत होता, हे खरं. पण तो वाचलेला वेळ ऋषिकेशच्या घड्याळात कुठं सापडेना. ऋषिकेशनं घड्याळ हलवून बघितलं, कानाला लावलं, शेवटी दुसरं आणलं. दुसऱ्यातही तेवढाच वेळ.

"सेल उतरला असेल," ऋषिकेश म्हणाला.

"असंल," धनाजी म्हणाला.

डिसेंबरातल्या त्या रविवारी पुण्यात थंडी होती. अंगाला नंबर चिकटवलेली हजारभर माणसं जागच्या जागी उड्या मारत होती. धनाजी उड्या मारत नव्हता. वाड्यावरून उतरताना आईनं पाठीवर हात ठेवला होता, तो हात त्याला अजून लागत होता. बंदुकीचा बार झाला आणि तो निघाला.

पहिला निम्मा रस्ता ठीक गेला. नदी झाली, पूल झाले, कॉलेजं झाली. रस्त्याच्या कडेला लोक टाळ्या वाजवत होते, आणि ज्यांना टाळ्या वाजवायच्या नव्हत्या ते सिग्नल सुटायची वाट बघत हॉर्न वाजवत होते. कामगार गटाचे पिवळे नंबर पुढं दिसत होते, मोजण्याइतकेच. धनाजीनं मोजले नाहीत. त्याची खरी शर्यत पुढं होती. तिसावा किलोमीटर जवळ आला तसा तो कान देऊन पोटाचं ऐकू लागला, जसं दारात उभं राहून ठरलेल्या पाहुण्याची वाट बघावी. पाटी आली. पाटी मागं गेली. पाहुणा आलाच नाही.

पोट गप होतं. पोटात काही आहे हेही कळत नव्हतं, इतकं गप.

आता पळायचं. आता 'न्हाईतर'च्या पुढचं जे काही असेल ते हेच. धनाजीनं पायांना सांगितलं, चला. पायांनी ऐकलं आणि दिलंही, पण जे दिलं ते अगदीच थोडं निघालं. त्यानं पुन्हा मागितलं. तळ लागला होता. डाव्या अंगानं एक पिवळा नंबर गेला, चोविशीतलं पोरगं, श्वाससुद्धा ऐकू न येणारं. मग आणखी दोघं बरोबरच गेले, एकमेकांशी बोलत. बोलत. धनाजीला बोलणाऱ्यांचा राग आला, मग राग धरायलाही दम उरला नाही.

ह्या जागी आजवर तो कधी आलाच नव्हता. दर वेळी पोटानं त्याला आधीच हाताला धरून बाजूला नेलं होतं. पोट त्याचा शत्रू आहे असं सगळा मुलूख म्हणत होता, आणि ते बिचारं वर्षानुवर्षं ह्याची झाकली मूठ सांभाळत बसलं होतं.

एका चौकात सार्वजनिक शौचालय होतं. स्वच्छ, पांढऱ्या फरशीचं, दाराशी टेबल टाकून बसलेला माणूस. धनाजी थांबला. आत जायचं, दार लावायचं, थोडं बसायचं. बाहेर आल्यावर रस्त्याकडेच्या दवाखान्याच्या गाडीत चढायचं. 'वाटेत पोट बिघडले.' एक वर्ष. बाजीच्या हॉटेलातला चहा. सगळं जागच्या जागी.

"जायचंय का?" टेबलवाला म्हणाला. "पळणाऱ्यांना फुकट आहे आज."

धनाजी आत गेला. दार लावलं. उभा राहिला. पोटाला विचारून बघितलं. पोटानं साफ हात वर केले. मग त्याला मडक्यात बोट बुडवून डोळे मिटणारी आई दिसली. संध्याकाळी बातमी पोचेल, 'पोट बिघडलं.' म्हातारी काही बोलणार नाही. मडकं उचलून उकिरड्यावर उपडं करील, आणि मरेपर्यंत आपल्या हाताकडं बघत बसेल.

त्यानं दार उघडलं, नळाखाली तोंड धुतलं आणि बाहेर आला.

"एवढ्यात?" टेबलवाला म्हणाला.

"नुसतं बघून आलो," धनाजी म्हणाला आणि रस्त्याला लागला.

बाकीचा रस्ता तो पळाला असं म्हणता येत नाही, चालला असंही म्हणता येत नाही. मेंढरामागं संध्याकाळी माणूस घराकडं येतो तसा आला. शेवटची रेष ओलांडली तेव्हा फीत केव्हाच तुटून गेली होती आणि लाउडस्पीकरवाला कुणाची तरी हरवलेली मोटारसायकलची किल्ली सापडल्याचं सांगत होता.

कंपनीच्या मांडवात ऋषिकेश आणि मृण्मयी उभे होते. ऋषिकेशनं त्याच्या अंगावर टॉवेल टाकला, खुर्ची दिली आणि खाली वाकून आवाज उतरवला.

"पोट ना, भाऊ? मला वेळ बघूनच कळलं. वाटेत थांबला होतात म्हणून पोरं सांगून राहिली. मी लिहून टाकतो. रेष ओलांडली असली तरी आजारीच धरतील, मी बघतो वर."

मृण्मयीचा चेहरा पडला होता. तिच्या हातात पेन होतं. "काका, कुठं सुरू झालं? तिसाव्यालाच?"

धनाजीनं टॉवेलनं तोंड पुसलं. सावकाश पुसलं. नुसतं 'व्हय' म्हणायचं होतं.

"पोट गप होतं," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हंजे काय झालं न्हाई. पार शेवटपतूर. येवढं गरीब पोट मी बघितलं न्हाई."

ऋषिकेशनं इकडंतिकडं बघितलं. "भाऊ, थांबला होतात ना तुम्ही?"

"तोंड धुवाया. सायेब, पोरं जोरात हायती. मी तेवढा न्हाई. न्हवतोच बहुतेक."

आज ऋषिकेशला बघायला डोंगर नव्हता, म्हणून तो धनाजीच्याच तोंडाकडं बघत राहिला.

"सोमवारपासून लोडिंग मग," तो शेवटी म्हणाला.

"व्हय."

मृण्मयी मात्र उजळली होती. तिचं पेन भराभर चालू लागलं. "पण काका, पोटाला फरक पडला, हे किती महत्त्वाचं आहे. रोज पुडी साध्या पाण्यातूनच घेतलीत ना?"

धनाजीनं तिला सगळं सांगितलं. उपाशी निजलेले जंतू, मडकं, सोयरीक. सांगता सांगता त्याला वाटलं पोरगी आता ओरडेल. पेन थांबलं. तिनं चष्मा काढून डोळे चोळले, आणि मग खुर्चीत बसून ती हसली, दमलेलं माणूस हसतं तसं.

"म्हणजे पुडीनं की दह्यानं, की आपोआपच, हे आता ब्रह्मदेवालाही कळणार नाही."

"न्हाई."

"मग माझ्या अभ्यासातूनही तुमचं नाव गेलं, काका."

"जाऊ द्या," धनाजी म्हणाला. "आज जायाचाच दिस हाय."

मांडवाच्या कोपऱ्यात जेवण मांडलं होतं. पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, कोशिंबीर. धनाजी उठला. पाय बांबूसारखे झाले होते. रांगेत त्याच्या पुढं पिवळ्या नंबरांची पोरं होती, मघाशी बोलत पळणारी. त्यांनी त्याला पुढं जाऊ दिलं. "घ्या, काका, तुम्ही घ्या आधी." काका म्हटल्याचं त्याला आज वाईट वाटलं नाही.

पत्रावळ घेऊन तो खाली सतरंजीवर बसला. पहिला घास घेतला तोच ऋषिकेश मोबाइल घेऊन आला. मालेहून, बाजीच्या हॉटेलातून फोन होता. धनाजीचा हात भाजीनं भरलेला, म्हणून ऋषिकेशनंच फोन त्याच्या कानाला धरला. पलीकडं भांड्यांचा आवाज, बरीच माणसं एकदम गप्प झाल्याचा आवाज, आणि मग आईचा, फोनला तोंड अगदी चिकटवून.

"धना? पोट कसं हाय?"

"जेवतुया, आये."

शर्यतीच्या दिवशी धनाजीनं पाण्याखेरीज काही तोंडात घातल्याचं त्या घरात कुणाला आठवत नव्हतं.

"आत्ता?"

"आत्ता. पुरी हाय, भात हाय."

"मग जेव," तानूबाई म्हणाली. "सावकास जेव."

मागून बाजी काहीतरी विचारत होता, कितवा, कितवा म्हणून. तानूबाईनं फोन ठेवला.

वाढपी पुऱ्यांची परात घेऊन ओळीतून येत होता. धनाजीपाशी येऊन तो वाकला. धनाजीनं हात आडवा केला नाही.